दोन दुपट्टे

देवकाबाई : मंग पळून आलेल्याले परत काऊन नाई धाडलं त्यायनं? दुसऱ्याचा माणूस आपल्या दारात ठेवून घेणं म्हणजे चोरीच झाली ना वो!

प्रेरणा : आजी, माणूस होता तो, ढोर नव्हतं. कायदा होता तसा, की दक्षिणेतून पळून आलेला गुलाम उत्तरेत सापडला तर मालकाकडे पोहोचवायचा. उत्तरेतले बरेच लोक म्हणाले, आम्ही नाही पोहोचवत. तिथून वाद वाढत गेला. पण तुला अमेरिकेचं एवढं काय पडलं? बी.ए.चा पेपर माझा आहे.

देवकाबाई : तू वाच. मले ते दक्षिणेकडचे लोक पटून राह्यले. काय पेरत होते म्हणे?

प्रेरणा : कापूस.

देवकाबाई : पाय! कापूस का आपल्या मनानं घरी चालत येते? कापसाले हात लागते, हाताले माणूस लागते. आन आपण माणूस कामाले तयार केला, का एखादी रुख्मी त्याच्यावर डोळा ठेवून बसतेच.

प्रेरणा : आता यात धाकटी आजी कुठून आली?

देवकाबाई : भिंतीपल्याडून आली! काल सांजच्याले प्रेमदासले आंगणात बोलावलं, पाट टाकून बसवलं, शेवयाची खीर देली. शेवयाची! माह्या भावाच्या पंगतीले पापड तळाचे होते तवा तिचा हात दुखत होता.

प्रेरणा : तू भिंतीवरून पाहिलंस?

देवकाबाई : मी कायले पाहू? गच्चीवर धुणं वाळू घालाले गेलती.

प्रेरणा : संध्याकाळी?

देवकाबाई : धुण्याले का मुहूर्त लागते?

प्रेरणा : खीरच दिली ना. खाऊ दे की त्याला.

देवकाबाई : तुले नाई समजत. उद्या पाडवा हाय. सालदारानं पाडव्याचा दुपट्टा खांद्यावर घेतला, का त्याचं वर्ष बांधलं. मंग बारा महिने दुसऱ्या दाराकडे पाहाचं नाई. बावीस वर्षं झाली, प्रेमदास माह्या हातचा दुपट्टा घेते. यंदा मी आज सकायीच देऊन मोकळी झाली. रुख्मी बसन उद्या वाट पाहात.

प्रेरणा : आणि घेतला त्यानं?

देवकाबाई : हातात घेतला. खांद्यावर नाई टाकला. तेच मले सकायपासून खुपून राह्यलं.

प्रेरणा : आजी, मग त्यालाच विचार ना, तुझ्या मनात काय आहे म्हणून.

देवकाबाई : त्याले काय इचाराचं? वाटणीत मले आला तो! तुह्या आजोबाची आन त्यायच्या धाकल्या भावाची, प्रभाकररावची, वाटणी झाली तवा पितळेच्या गंजात चिठ्ठ्या टाकल्या होत्या. नदीकाठचं वावर तिले गेलं. कलमी आंबा तिले गेला. नवी बैलजोडी तिलेच गेली. माह्या नशिबाले काय आलं? खारी विहीर आन प्रेमदास. आता तेवढाही तिले पाहिजे!

प्रेरणा : त्या चिठ्ठ्या मी उचलल्या होत्या ना?

देवकाबाई : तूच. सात वर्षांची होतीस. लहान लेकराचा हात म्हणून तुले बसवलं.

प्रेरणा : त्याच्या नावाची चिठ्ठी मी उचलली, आजी. बैलाच्या चिठ्ठीनंतर.

देवकाबाई : मंग? चांगली उचलली. तू पुढं वाच. त्या उत्तरवाल्यायनं काय केलं?

प्रेरणा : देशाला नवीन मुलूख मिळत होता. दक्षिण म्हणायची, तिथंही गुलाम ठेवू द्या. उत्तर म्हणायची, तिथं नको. मग निवडणुकीत गुलामी पसरू न देणारा पक्ष जिंकला, आणि दक्षिणेतली राज्यं एकेक करून म्हणाली, आम्ही वेगळे.

देवकाबाई : वेगळी चूल मांडली.

प्रेरणा : हो. आणि मग चार वर्षं युद्ध. सहा लाखांच्या वर माणसं मेली. भाऊ भावाच्या समोर उभा राहिला.

देवकाबाई : आमच्यात मेलं नाई कोनी. भिंत घातली फक्त. अकरा वर्षं झाली, तिच्या घरचं हळदीकुंकू नाई घेतलं मी... आन ते गुलाम कोनाकडून होते?

प्रेरणा : कोणाकडून म्हणजे?

देवकाबाई : म्हणजे यायच्याकडून का त्यायच्याकडून?

प्रेरणा : ते स्वतःकडून होते, आजी. संधी मिळाली तसे हजारोंनी निघून आले. पावणेदोन लाख काळे लोक बंदूक घेऊन लढले.

(फाटकाची कडी वाजते.)

प्रेमदास : बाई, हाय का घरात?

देवकाबाई : ये प्रेमदास, ये. प्रेरणा, पाट टाक त्याले. खीर नाई आमच्याकडे, पण चहा भेटन.

प्रेमदास : बसत नाई, बाई. हे द्याले आलतो. हा तुमचा दुपट्टा. आन हा धाकल्या बाईचा, तिकडेही देऊन येतो.

देवकाबाई : तिनंही देला? कवा?

प्रेमदास : काल. खिरीसंगं.

देवकाबाई : माह्या अगुदर! दाखव जरा. पाय वो प्रेरणा, काठ पाय कसा चार बोटं! मुद्दाम घेतला तिनं, माह्याहून रुंद!

प्रेरणा : आजी!

देवकाबाई : तू थांब. प्रेमदास, तुले तिचा पाहिजे का माहा? खरं सांग. याच्यापेक्षा मोठ्या काठाचा आणते मी, आत्ता आणते.

प्रेमदास : कोनाचाच नाई, बाई. माही पोरगी छाया लागली ना सावंगीच्या दवाखान्यात, आयाच्या कामाले. तिथं जवळच, सिंदीले, खोली केली तिनं. चौकात संत्र्याचा ठेला लावतो म्हणतो.

देवकाबाई : ठेला? या वयात? आन मले इचारलं नाई?

प्रेमदास : इचारासाठी नाई आलो, बाई. सांगाले आलो.

देवकाबाई : बावीस वर्षं माह्या घरचं खाल्लं तू. वाटणीत माह्याकडे आला...

प्रेमदास : हौ. मी तुळशीपाशी उभा होतो तवा. दोन्ही बैलाच्या दोऱ्या माह्याच हातात होत्या. पोरीनं चिठ्ठी काढली, प्रभाकररावनं वाचली. बैल इकडे, प्रेमदास तिकडे. बैलानं मान हालवली. मी तेवढीही नाई हालवली.

प्रेरणा : प्रेमदासकाका, मला माहीत नव्हतं...

प्रेमदास : तू लहान होतीस, बाळ. पेपर चांगला देजो. येतो बाई. काळ्या गाईले ऊन सोसत नाई, तिले सावलीत बांधा.

देवकाबाई : ...गेला?

प्रेरणा : गेला. धाकट्या आजीचं फाटक वाजलं. दुपट्टा देऊन निघालाही.

देवकाबाई : तिच्याकडे चहा घेतला का त्यानं?

प्रेरणा : नाही. उभ्या उभ्या निघाला.

देवकाबाई : तू उभी राय तिथंच, खिडकीत. पाय. वळणावर गेला का पाय. मांगं फिरून कोनाच्या घराकडे पाह्यलं त्यानं? तिच्या का माह्या?

प्रेरणा : कोणाच्याच नाही, आजी.