मांजरपाटाचा मुखवटा

न्हाई, बंद कशाला पडंल बँड — तुमीच आत्ता म्हनला की, मागल्या महिन्यात पुण्यात बघितला म्हणून. बसा दादा, त्या स्टुलावरची झंपरं सरकवा जरा. आता बँडचा इतिहास लिहायचा म्हनता, तर काय सांगू मी शिवणकाम करनारी बाई — श्रीमंत गुरुजी, आमचा आदिनाथ आन् आनखी दोघं, हितंच श्रीरामपुरात, पडक्या जिनिंगच्या गोडाऊनात वाजवायचे. श्रीमंत गातो — गातो कसला, विहिरीत तोंड घालून हंबरल्यागत करतो. आन् आमचा ड्रमवर. एक ठोका द्यायचा आन् थांबायचा, थांबायचा, मला वाटायचं झोपला का काय ह्यो. म्हटलं, अरं, लग्नात कोन बोलवंल तुमाला? तर हसला. म्हनला, आई, हे मयताचं वाजवणं हाय, ह्यात घाई नसती. आन् बँडचं नाव तरी काय, तर सुतक. भरल्या घरात घ्यायचं नाव हाय का हे? लई चिडले हुते मी.

मुखवटे व्हय, मीच शिवले. श्रीमंत शाळेवर मास्तर, पोरांच्या आईबापांनी वळखलं तर काय घ्या — म्हणून तोंड झाकायचं. मांजरपाट आनला, मयताला घेत्यात त्योच, दुकानदार इचारतोय, कोन गेलं वो? चौघांच्या डोक्याची मापं घेतली. मंग त्यांनी नेम केला, की नाव कुणाचं सांगायचं न्हाई, माणूस बदलला तरी मुखवटा त्योच ठिवायचा, लोकांना कळू द्यायचं न्हाई. आदिनाथनंच काढला हा नेम, हितंच, जेवताना, हसत हसत.

काय म्हनला? ड्रमवाला आता आधीपेक्षा चांगला वाजवतो? असंल. न्हाई, असंल की. आन् मुखवटा ढिला दिसत हुता — मंग ढिलाच दिसनार, आदिनाथचं डोकं मोठं हुतं, लहानपणी टोपडं बसायचं न्हाई त्याला — हुतं म्हणजे — ते रेकॉर्डिंग बंद करा आधी. बंद करा म्हनते ना.

कोल्हारच्या पुलापाशी टेम्पोनं उडवलं त्याला. तेरावं झालं आन् श्रीमंत आला, उंबऱ्यात बसून रडला, आन् जाताना मुखवटा मागितला. मावशी, त्याचाच नेम हाय, म्हनला. काय करू, दिला. आता तुझ्यावानी पोरं मोबाईलवर लिहित्यात, ड्रमवाला लई भारी, ड्रमवाला लई भारी — त्यातल्या एकालाबी ठाव न्हाई की त्यो गेला. त्याचं वाजवणं आवडायचं ना तुमाला? तरी त्याच्यासाठी कुणी रडलं सुदीक न्हाई, बाळा. सांगावं तर त्याचा नेम मोडतो, न सांगावं तर दुसरंच कुणीतरी माझा पोरगा हुन बसलंय. तू लिहू नको हे. लिहू नको.

त्यो बघ, मशिनवर हाय. श्रीमंतनं धाडलाय, नव्या पोराला ढिला हुतो, दोन्ही बाजूनं आत घ्या म्हनं. रोज उसवायला घेते आन् ठिवून देते. एकदा आत घेतला की आदिनाथला बसायचा न्हाई — कळतंय मला, वेडी न्हाई मी.

तुझं डोकं मोठंच हाय की रं. घालतो का जरा? मापच बघते, दुसरं काय न्हाई. हां, असा. उजेडाकडं तोंड कर.

बोलू नको.

काढ. काढ बाळा, काढ त्यो. पुण्याची गाडी निघंल, जा तू.