भागीरथीआत्याची भट्टी

बायांनो, बाप्यांनो, जरा जवळ सरकून बसा. माझा आवाज आज निघून न्हाई राहिला. या गावात कुणी बोलायला उभं राह्यलं, की भागीरथीआत्या मागून म्हणायची, "आटप रे, चुलीवर भाकरी करपून राहिली." आज मला आटप कोण म्हणणार?

या सभेची सरकारी इजाजत आपण काढली न्हाई. कुणी विचारलंच, तर मयताला बसलोत म्हणून सांगा. त्यात खोटं काय हाये?

आत्या माझी सख्खी न्हाई. शेताला शेत लागून, एवढंच नातं. पण आज सकाळी तिच्या दहाव्याला नदीवर उभा व्हतो, तवापासून मी घरी टेकलो न्हाई. ती गेली त्याचं दुःख तर हायेच. पण भ्याव वाटून राहिलं ते या विटांच्या भट्टीचं. ती बघा, तुमच्या पाठीमागं.

काहून रचली आपण ही भट्टी? ठाऊक हाये सगळ्यांना, तरी बोलतो. आपली शाळा भरते देवळाच्या मांडवात. मुनीरभाईची लेकरं पायरीखाली बसतात. गावकुसाबाहेरची लेकरं त्याहून लांब, उन्हात. मास्तरांचं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचत न्हाई. आत्या एकदा तिथून चालली व्हती, ते बघून थांबली. म्हणाली, "जागा देवळाची हाये म्हणून ही तऱ्हा. भिंती गावच्या करा. मग कोण कुणाला उठवतो ते बघतेच मी." अन् विटांसाठी आपल्या शेतातली माती दिली.

माती दिली, पण सुखानं बसू दिलं का तिनं कुणाला? मुनीरभाई, तुमी कळमनुरीच्या बाजाराला निघाला व्हता, चांगला धुतलेला सदरा घालून. तिनं वाटेत अडवून चिखलात उतरवलं. हसा, हसा. तिला आवडलं असतं.

अन् गेल्या साली काय झालं? भट्टी भाजून झाली व्हती, फक्त निवायची व्हती. आभाळ भरून आलं. घाबरलं कोण? आत्याच. व्हय, आपली आत्याच. "पाऊस आत शिरला तर सगळं जाईल, काढा विटा!" आपण भट्टीवरचं मातीचं लिंपण फोडलं. गरम विटांना वारं लागलं अन् डोळ्यांदेखत तडकल्या. उचलायला जावं तर हातात तुकडे. अन् पाऊस? थेंब न्हाई पडला.

आत्या तिथंच खाली बसली. मी म्हणालो, "आत्या, पुरे झालं. आपल्या नशिबात देवळाचा मांडवच हाये." तिनं एक तुकडा उचलून बघितला. मग म्हणाली, "भट्टीनं दगा न्हाई दिला रे. मीच दम न्हाई धरला." अन् पुन्हा माती भिजवायला लागली.

यंदा भट्टी पेटली, तशी तिनं आपली खाट इथंच आणून टाकली. मी विचारलं, "राखण कुणापासून, आत्या?" म्हणाली, "माझ्यापासूनच." ताप भरला तरी उठली न्हाई. शेवटी उचलून घरी न्यावं लागलं. तवा माझं मनगट धरून म्हणाली, "लिंपणावर हात टिकत न्हाई, तोवर उघडू नका. मी मेले तरी."

आता सकाळचं बोलतो. कावळा पिंडाला शिवेना. ऊन चढलं, बाया रडकुंडीला आल्या. तिच्या लेकानं, दत्तूनं, हात जोडले. "आई, नातीला शिकवीन." कावळा फांदीवरच. "आई, तुझी गाय विकणार न्हाई." हलला न्हाई. मग दत्तू म्हणाला, "आई, आजच्या आज भट्टी उघडतो." अन् कावळा खाली आला.

दत्तू, मान खाली घालू नको. तुझ्या जागी मी असतो, तर मीबी हेच बोललो असतो. पण तवापासून गावात एकच चाललंय, मेलेल्याला दिलेला शब्द मोडायचा कसा? काहींनी कुदळी आणल्यात, त्या मला दिसून राहिल्यात. अन् वर बघा. तेच आभाळ.

मला खात्री हाये का? न्हाई. खरं सांगतो, न्हाई. आत विटा पक्क्या हायेत का सगळा चुरा, देव जाणे. पाऊस येईल का, तेबी ठाऊक न्हाई. कावळ्याला काय पाहिजे व्हतं, मी काय सांगू? पण आत्याला काय पाहिजे व्हतं, ते तिनं माझं मनगट धरून सांगितलं. शब्द मोडल्याचं पाप लागायचं असंल, तर ते माझ्या माथी लागू द्या. पण इतक्या जवळ येऊन दुसऱ्यांदा फोडू नका रे. हात जोडतो. लिंपणाला भेगा पडल्यात, त्या ओल्या मातीनं बुजवा. पाऊस आला तर वरून निघून जाईल.

मंडळी, आता उठा. कुणी बोलू नका. कुदळी खाली ठेवा. एकेकानं भट्टीपाशी जा, लिंपणावर तळवा टेकवा अन् तसंच मुक्यानं घरी जा. हात टिकतो का न्हाई, ते ज्याचं त्यानं बघा. तोच आत्याला आपला रामराम.

आत्याचा हात माझ्या हातात गार पडला. भट्टी अजून गरम हाये.