हलका चाप

सन्माननीय अध्यक्षबाई, व्यासपीठावरील आमच्या कारखान्याचे मालक आणि व्यवस्थापक, समोर जमलेले कारागीर बंधू-भगिनी, आणि पहिल्या रांगेतून आत्ताच मला 'थोडक्यात आटपा' अशी खूण करणाऱ्या माझ्या सौभाग्यवती,

आपण माझ्याबद्दल इतकं गोड बोललात, की या माणसाला एकदा भेटायला हवं असं मलाच वाटू लागलं. सव्वीस वर्षं मी इथले दागिने पेटीत घालून दुकानांत पोचवले. पण मला सगळे ओळखायचे ते कमरेच्या रिव्हॉल्वरमुळे.

ते माझ्या वडिलांचं. आखूड नळीचं, पाच गोळ्यांचं, वयानं माझ्याहून मोठं. मुठीचं लाकूड वडिलांच्या अंगठ्यानं झिजलेलं. वडील गेल्यावर परवाना माझ्या नावावर झाला आणि त्याच्याच जोरावर ही नोकरी लागली. शस्त्र बाळगणं म्हणजे रुबाब, असं लोकांना वाटतं. खरं सांगू? बसलं की ते बरगडीला टोचतं. मुलीच्या लग्नाच्या फोटोत मी एका बाजूला फुगलेला दिसतो. आणि कमरेला शस्त्र असलेल्या माणसाला कुणाशी भांडता येत नाही. बसमध्ये कुणी पाय तुडवला, तरी आपणच 'असू द्या, असू द्या' म्हणायचं.

नऊ वर्षांपूर्वी इथे संप झाला, हे आपल्याला आठवत असेल. संपाचा पुढारी माझा मेहुणा, हिचा धाकटा भाऊ. तो फाटकात आडवा उभा राहिला. म्हणाला, "दाजी, आज आत गेलात तर माझ्या घरी येऊ नका." मी आत गेलो. वाटलं, पेटी माझ्या भरवशावर आहे, आणि भरवसा संपावर जात नाही. त्यानंतर हिचं माहेर तुटलं. नऊ वर्षांत हिनं मला एका शब्दानं बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

पाच वर्षांपूर्वीचा प्रसंग व्यवस्थापकसाहेबांनी आत्ता फार रंगवून सांगितला. भर दुपारी, मागच्या दारात, मालक गाडीतून उतरत असताना दोघं आले. एकाच्या हातात पिस्तूल. मी मालकांच्या पुढे झालो आणि रिव्हॉल्वर रोखलं. त्या माणसाच्या वरच्या ओठावरचा घाम मला अजून दिसतो. दोन-चार श्वास झाले असतील. मग ते पळाले. मालकांनी मला मिठी मारली. म्हणाले, "तुम्ही होतात म्हणून मी आहे." मला मानपत्र मिळालं. घरी हिनं विचारलं, "अहो, त्यानं गोळी झाडली असती तर?" मी ऐटीत म्हणालो, "मग मीही झाडली असती की!"

मागच्या आठवड्यात, निवृत्तीनंतर हे कशाला जवळ ठेवायचं म्हणून मी आमच्या नेहमीच्या दुरुस्तीवाल्याकडे गेलो. दरवर्षी तेलपाण्याला कारखान्यातर्फे ते त्यांच्याकडेच जायचं. म्हटलं, "पोलिसांत जमा करण्याआधी एकदा नीट करून द्या." ते म्हणाले, "म्हणजे जोरदार स्प्रिंग परत घालू?"

"परत म्हणजे?"

ते चपापले. मुठीचं लाकूड उघडून त्यांनी मला दाखवलं. घोड्याला जोर देणारी स्प्रिंग काढून तिथे एक मरतुकडी स्प्रिंग बसवलेली. घोडा पडतो, आवाज होतो, पण गोळी उडत नाही. नऊ वर्षं. त्या जुन्या मापाच्या गोळ्या मिळायची मारामार, म्हणून सरावालाही मी एक वाया घालवली नव्हती. संपाच्या साली दुरुस्तीहून आल्यावर चाप हलका लागला, तेव्हा मी याच माणसाची पाठ थोपटली होती. "काय सुरेख हलका केलात हो!" त्यांना वाटलं, मला ठाऊक आहे. त्यांनी फायलीतून स्प्रिंग बदलायची चिठ्ठी काढली. 'बाळगणाऱ्याच्या संमतीनं' असं लिहिलेलं. खाली सही मालकांची.

मी मालकांच्या खोलीत गेलो. मालक, आपण इथे बसला आहात, म्हणून आपल्यासमोरच सांगतो. आपण म्हणालात, "तुमचा मेहुणा पुढारी होता. खबरदारी घ्यावी लागते. तुमच्यावर अविश्वास नव्हता."

मी विचारलं, "मग संप मिटल्यावर स्प्रिंग बदलली का नाही?"

"राहून गेलं."

"आणि मागच्या दारात, मी तुमच्यापुढे उभा होतो, तेव्हा आठवलं होतं?"

आपण पाण्याचा पेला उचललात. मी खोलीबाहेर पडेपर्यंत आपण पेला खाली ठेवलाच नाहीत.

माझ्या हातात बिनकामाचं शस्त्र आहे हे त्या वेळी तिथे फक्त एकालाच माहीत होतं, आणि तो माझ्या पाठीमागे सुरक्षित उभा होता. वाईट मरणाचं वाटत नाही. आपण मला सांगितलं असतंत, तरी मी पुढे झालोच असतो. पण मग ते माझं मी ठरवलेलं असतं.

काल सकाळी आम्ही दोघं मेहुण्याकडे गेलो. सगळं ऐकून तो हसेल असं वाटलं होतं. तो हसला नाही. म्हणाला, "दाजी, मला वाटायचं तुम्ही त्यांचे झालात. तुम्ही तर त्यांचेही नव्हतात." मग बहिणीला आत घेऊन गेला. मी बाहेरच्या खोलीत बसून राहिलो. दोघं आत बोलत होती आणि मधूनमधून हिचं हसणं ऐकू येत होतं. ते मी विसरूनच गेलो होतो.

माझ्या जागेवर येणाऱ्या बाई तिसऱ्या रांगेत आहेत. बाई, कारखाना तुम्हाला नवं कोरं शस्त्र देणार आहे. दुरुस्तीला ते स्वतः न्या, समोर उभं राहून उघडायला लावा, आणि परत घेताना एक गोळी स्वतःच्या हातानं झाडून पाहा. कुणी म्हणेल, 'आमच्यावर विश्वास नाही का?' तेव्हा नम्रपणे 'नाही' म्हणा.

अध्यक्षबाईंनी मला मध्येच थांबवलं नाही, त्यांचे आभार. दुरुस्तीवाल्यांचे आभार, चिठ्ठी जपून ठेवल्याबद्दल. कारागिरांनो, तुमचे तर किती मानू? निरोपाच्या भाषणात असं बोलू नये, याची मला जाणीव आहे. सभेचे रीतिरिवाज चुकले असतील, आवाज चढला असेल, तर पदरात घ्या. पण जे सांगितलं, त्यातला एक शब्दही मी मागे घेत नाही. येतो.