बसमधली दुसरी खिडकी

बिजागऱ्या घ्यायला दुकानात उभा होतो. पुढे एक म्हातारा आणि त्याची लेक. जुन्या बसचं राहतं घर करत होते.

"बाबा, आग लागली तर बाहेर पडायची खिडकी तुमच्या पलंगापाशी काढू."

"माझ्याकडे कशाला? पोरांकडे काढ."

"पोरं दारातून पळतील."

"दाराला चिकटून तुझी शेगडी आहे. पेटलं तर तिथंच पेटेल. दार विसर."

"मग दोन खिडक्या काढू."

"पत्र्याची चाळण करशील. मी निघेन गं कसाही."

"परवा तालीम केली तेव्हा कुठे निघालात? मी 'आग, आग' म्हणून ओरडले. पोरं बाहेर आली, हे बाहेर आले. तुम्ही आतच."

"डोळा लागला होता."

"मी काचेतून बघत होते, बाबा. तुम्ही आमच्याकडे बघितलंत आणि पांघरूण डोक्यावर ओढून घेतलंत."

दुकानदार त्यांच्याकडे वळला.

"बोला ताई, काय देऊ?"

"दोन खिडक्यांच्या कड्या द्या."

"आतून उघडणाऱ्या ना?"

"पोरांकडची आतून. बाबांकडची मला बाहेरून उघडता येईल अशी द्या."