पाच मोजायच्या आत

— नको नको, गरम पाणी पुरे, चहाबिहा टाकू नका, गाओ ताई. बसते मी इथंच, ओट्याच्या कडेला, खालून चूल पेटलीय, ऊब आहे छान. आधी माइमाइला सोडा बघू — अजून त्या खिडकीच्या गजाला फडक्यानं बांधून ठेवताय? पडेल म्हणून ना? कळतं हो मला, तुम्ही एकट्या, अंगणात मका पडलाय, मुलगा-सून तिकडं कारखान्यात. पण बावीस महिन्यांची झाली नात, आणि तोंडात एक शब्द नाही. तुम्हाला वाटतं — म्हणजे तुम्ही म्हणत नाहीच काही, मान हलवता — पोर गुणी आहे, आवाज करत नाही. ताई, एवढं गप्प पोर गुणी नसतं. ते वाट बघून दमलेलं असतं.

परवा आम्हा घरोघर जाणाऱ्या बायकांच्या प्रशिक्षणात शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी परत सांगितलं, पहिल्या तीन वर्षांत मेंदूत वाटा पडतात. पोरानं ‘आं’ केलं, की पाच मोजायच्या आत कुणीतरी उत्तर द्यायचं — पडली एक वाट. नाही दिलं, की आपल्या डोंगरातल्या पायवाटेसारखं, गवत माजतं. एवढंच शास्त्र. काय बोलायचं? काहीही! बटाटा सोलताय ना, बटाट्याचं बोला. लोक हसतील? हसू देत की!

मी तरी कुठं बोलले माझ्या मुलाशी — दिवसभर गावोगाव, तेव्हाच्या कामावर, तो सासूबाईंकडं. आता नव्या वर्षाला फोन करतो, ‘आई, जेवलीस का?’ — संपलं. घरी मी किटलीशी बोलते, खरं सांगते. पाच काय, पाचशे मोजा, उत्तर नाही. म्हणून तर मंगळवार आला की मी सकाळपासून — असो.

मघाशी टोफूवाल्याशी हसत होतात तुम्ही. ऐकलं मी फाटकातून. मी आत आले नि तोंड बंद. सहा मंगळवार झाले. मला वाटायचं, ओळखलं नसेल — चोवीस वर्षं झाली, केस काळे होते माझे, हातात ही खेळण्यांची पिशवी नव्हती, यादी होती. कुणाला दुसऱ्यांदा दिवस गेलेत त्याची. सातवा महिना होता ना तुमचा? पाडायला दवाखान्यात नेताना ट्रॅक्टरमध्ये तुमचा हात मीच धरला होता. तुम्ही ओरडत होतात, आणि मी पोत्यांकडं बघत बसले. घरटी एकच मूल, असा सरकारचा हुकूम होता, ताई. मी काय करणार — नाही. हुकूम होता, पण दार मी ठोठावलं.

मी सांगितलं म्हणून करायचं नाही, असंच ना? राग धरा, जन्मभर धरा. पण शास्त्र काही माझं नाही हो. हिनं कुणाचं काय केलंय? हिच्याशी तरी —

थांबा! ‘आं’ म्हणाली. पिशवीकडं बोट दाखवतेय, बघा. मी नाही बोलणार, पाळी तुमची. एक… दोन… ताई, काहीतरी बोला ना… तीन… चार —

…

काय म्हणालात? ‘माइमाइ, या बाई आता चालल्या. हात हलव त्यांना.’

तिला म्हणालात. हो. असंच बोलायचं, अगदी असंच. पिशवी इथंच ठेवते. पुढच्या मंगळवारी दुसऱ्या कुणाला तरी पाठवते.

येते — नाही. जाते मी.