देवीचा खण आणि बिनबाह्यांचा झंपर

...आणि वर मलाच विचारतात, "वैनी, कटिंग कुनाकडचं हो?" कटिंग! अहो, कटिंग कसलं घेऊन बसलाय, इथं माझी अब्रू कातरली गेली आणि तुम्हाला कटिंग सुचतंय? भाजीला गेले तर मेथीवाली मेथी सोडून माझ्या खांद्याकडं बघते, देवळात गेले तर बायका देवाला पाठ करून मला प्रदक्षिणा घालायच्या बाकी राहिल्यात, आणि काल तर कराडची कुठलीशी मास्तरीण मलकापूरपर्यंत चालत आली, दारात उभी राहून म्हणते, "त्या फॅशनवाल्या वहिनी इथंच राहतात का?" फॅशनवाल्या! मी! तुम्हाला सांगते, देवाच्या पायावर हात ठेवून सांगते, मी फॅशन केली नाही हो!

मी कोण ते आधी ऐका. सोमवार माझा, गुरुवार माझा, शनिवार माझा, संकष्टी, एकादशी, प्रदोष... आमचे हे, म्हणजे नानासो, म्हणतात, "आठवड्यात जेवायचा वार कुठला तेवढा सांग, त्या दिवशी घरी येतो." झंपराच्या बाह्या कोपराच्या खाली, पदर डोक्यावर, आणि रंग म्हणाल तर मळखाऊ. घरात सासूबाई, साळूबाई. नऊवारी, खणाची चोळी, बोलणं कमी, बघणं जास्त. त्यांच्या हाताखाली मी इतकी वर्षं काढली आणि एकच कमाई केली, की गल्लीत कुणाची सून जरा नटली की सासूबाई म्हणायच्या, "आमच्या सुनंकडं बगा. नख तरी दिसतंय का?" एवढंच हो माझं नाव. तेवढ्यावर मी खूश होते.

आणि मग आली एकाहत्तरची लढाई.

माझा धाकटा भाऊ आकाराम फौजेत. आई गेली तेव्हा एवढासा होता, मीच न्हाऊ घातलेला, मीच शाळेत सोडलेला. पत्र येईना, रेडिओवर बातम्या ऐकवेनात, न ऐकता राहवेना. तशी उठले आणि आष्ट्याला माहेरी गेले, गावदेवीपुढं बसले. आता नवस बोलायचा तर माणसानं मोजून बोलावं की नाही? पण जीव घाबरा झालेला, तोंडाला येईल ते बोलत सुटले, "आई, माझा भाऊ धड घरी येऊ दे. त्याच्या लग्नात तुझ्या अंगावरच्या खणाचा झंपर घालीन आणि माझ्या हातानं त्याच्या डोक्यावर अक्षता टाकीन." इथं थांबायचं की नाही? थांबले असते तर आज तुमच्यापुढं रडत बसले असते का? पण मला वाटलं, देवीला हे कमी वाटलं तर? म्हणून वर जोडलं, "आणि आई, त्या झंपराला दुसऱ्या कापडाची चिंधीसुद्धा लावणार नाही!" कुणी सांगितलं होतं? देवीनं मागितलं होतं? माझंच तोंड!

देवी पावली. पोरगा आला, हातीपायी धड, मिशी वाढवून आला. आल्याआल्या लग्नही ठरलं, पाचगणीची मुलगी, विजयमाला नावाची तिची आत्या तिकडच्या इंग्रजी शाळेत मुलींना शिवणकाम शिकवणारी. मला आनंद मावेना. देवीची ओटी भरायला गेले ती चांगला ऐसपैस खण घेऊन, दुकानदाराला म्हटलं, "हात राखून फाडू नका, देवीचा आहे." देवळातल्या जोतिबा गुरवमामांनी तो देवीपुढं ठेवला, मंत्र म्हटला, आणि देवीच्या अंगावरचा एक खण काढून माझ्या ओटीत घातला, प्रसाद म्हणून. घडी होती तोवर बरी होती. घरी येऊन उलगडली... अहो, रुमाल! जरा मोठा रुमाल! मी दिला होता केवढा, आणि आला केवढा! पण देवीकडं जाऊन काय सांगायचं, बदलून द्या?

खण मात्र देखणा. अंजिरी रंग, काठाला बारीक नक्षी. नेला चांदसाहेब शिंप्याकडं. त्यांनी तो उभा मोजला, आडवा मोजला, मग टेप माझ्याकडं फिरवली, मग परत खणाकडं बघितलं आणि चष्मा पुसला.

"वैनी, पोरीसाठी हाय का?"

"माझ्यासाठी."

"मंग असं हाय," चांदसाहेब अगदी हळू बोलले, दवाखान्यात बोलतात तसं, "ह्यात पुढं-मागं कसंतरी हुईल. पर बाह्या न्हाई व्हायच्या."

"दुसरं कापड लावायचं नाही हं, नवस आहे."

"मंग बाह्या न्हाईत."

"थोड्याशासुद्धा?"

"वैनी, थोड्या कुठनं आणू? आनि पाठीत बी मधी चार बोटं कमी पडतंय. तितं त्याच कापडाची नाडी वळून गाठ मारावी लागंल."

पाठीला नाडी! बिनबाह्या! सासूबाईंच्या सुनेला! मी मटकन बसले. आत त्यांची बायको साबेरा काजं करत होती, ती म्हणाली, "वैनी, एवडं काय त्यात? पदर दोनी खांद्यांवरनं घ्या, कोन बगतंय?" तिचं म्हणणं सोपं होतं. पण मला एक आशा होती. लग्नाला दोन महिने होते. म्हटलं, कापड वाढत नाही, पण मी तर कमी होऊ शकते? उपास आहेतच, आणखी वाढवू. देवाचं देव होईल, बाहीचं बाही.

मग काय, मंगळवार धरला, शुक्रवार धरला. सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी वरईचा भात, त्यावर शेंगदाण्याची आमटी, चारला राजगिऱ्याचा लाडू, रात्री रताळ्याचा कीस, तोही तुपात, उपासाला दुसरं चालत नाही ना. दोन महिने धान्याचा कण पोटात जवळजवळ नाही! हलकं हलकं वाटायला लागलं. मोठ्या उमेदीनं गेले चांदसाहेबांकडं. त्यांनी टेप धरली, एकदा, दोनदा... आणि साबेराकडं बघितलं. साबेरानं खाली बघितलं.

"वैनी, रागावू नका... दोन बोटं वाढलंय."

आता सांगा, ह्याला मी काय करणार? मागून गळा आणखी खाली गेला, नाडी आणखी लांब झाली. आणि तरी लोक म्हणतात, फॅशन केली. मी फॅशन केली नाही हो, उपास केले!

मधे एकदा गुरवमामांना गाठून विचारून आले, "मामा, शिवायला दोरा चालेल ना? दोरा म्हणजे दुसरं कापड नव्हे ना?" मामांनी हातातलं ताट खाली ठेवलं. म्हणाले, "आक्के, दोऱ्याबिगर शिवायचं कसं?" म्हटलं, बरं. हूक लोखंडाचे, तेही चालतात म्हणाले. नवसात कुठं खोट नको ना.

लग्न आष्ट्याला, भर वैशाखात. तो उन्हाळा तुम्हाला आठवतोय ना, जमीन भाजत होती, बायका पदरानं वारा घेत होत्या, आणि मी? मी पदर दोन्ही खांद्यांवरून गच्च आवळून, वर शालीसारखा लपेटून, घामानं निथळत उभी. आमचे हे जवळ येऊन कानात विचारतात, "थंडी वाजतीया का?" मी म्हटलं, "जा तिकडं." सासूबाई मात्र माझ्याकडं बघून मान डोलवत होत्या, शेजारच्या म्हातारीला म्हणाल्या, "बगा, भावाचं लगीन, पर हाय का कुटं उगडंवागडं? न्हाईतर त्या पाचगनीच्या बाया!" मी वर देवाकडं बघितलं. म्हटलं, आई, एवढा तासभर निभाव.

मंगलाष्टकं सुरू झाली. "सावधान" झालं की सगळा मांडव हात उंचावून अक्षता टाकतोय आणि मी पदराच्या आतून चार बोटं बाहेर काढून, कोंबड्यांना दाणे टाकावे तशा टाकतेय. पुढं उभ्या आमच्या गल्लीतल्या भामाबाईच्या अंबाड्यात पडल्या. परत टाकल्या, परत अंबाड्यात. ती मागं वळून म्हणाली, "आवं वैनी, माजं लगीन झालंय!" आणि मला एकदम आठवलं. नवस काय होता? त्याच्या डोक्यावर! एक दाणासुद्धा त्याच्यापर्यंत गेला नाही आणि शेवटचं मंगलाष्टक सुरू झालेलं! तेवढ्यात अंतरपाटाआडून आकाराम मान वळवून गर्दीत शोधायला लागला. लढाईवरनं आलेला गडी, एवढी मिशी, पण तोंड झालेलं शाळेत पहिल्या दिवशी सोडलं होतं तेव्हासारखं. ओठ हलले, ऐकू आलं नाही, पण मला कळलं. "आक्का?"

अहो, मग कसला पदर आणि कसली पाठ! अक्षतांचं ताम्हण उचललं, दोन पावलं पुढं गेले आणि दोन्ही हात वर करून, मूठ भरभरून टाकल्या अक्षता, डोक्यावर, फेट्यावर, मिशीवर! तो हसला. मी रडले. वाजंत्री सुरू झाली... आणि एक सनई मधेच थांबली. मला वाटलं, वाजवणाऱ्याला ठसका लागला. मग पाठीला वारा लागला. मग कळलं.

पदर खाली, पायात. मी मांडवाच्या मधोमध, हात वर, खांदे उघडे, पाठीवर नाडीची गाठ.

मी डोळे मिटून घेतले. म्हटलं, नवस फिटला, आता धरणी पोटात घेऊ दे. पण धरणीच्या आधी पाचगणीच्या विजयमालाबाई आल्या, मला खांद्याला धरून गोल फिरवलं, गाय बघावी तसं, आणि अशा ओरडल्या की नवरीसुद्धा दचकली, "अगंबाई! पाठीला नाडी! खणाच्या कापडाला बिनबाह्या! आमच्याकडं मुंबईच्या बाया येतात, त्यांच्यात सुद्धा अजून ही फॅशन नाही!"

"बाई, मी फॅशन केली नाही हो, देवीचा खण..."

"आणि खणात? नुसत्या ओटीच्या खणात बसवलंत? ह्याला म्हणायचं डोकं! मी मुलींना वर्षभर घसा फोडून सांगते, पैसे ओतून फॅशन होत नाही, अक्कल लागते. या गं सगळ्या, बघा, पाठ दाखवा हो जरा!"

"अहो, नवस होता, कापडच कमी..."

"तेच, तेच म्हणते मी! कापड कमी आणि ऐट किती!"

आता सांगा, कुणाला समजावणार? अर्धा मांडव माझ्या पाठीमागं उभा. जेवायला हाका मारतायत आणि बायका नाडीची गाठ मोजतायत. आणि सासूबाई? खुर्चीत तशाच. एक शब्द नाही. एस्टीत शब्द नाही. घरी आल्यावर शब्द नाही. मी पाया पडून सगळं सांगितलं, लढाई, नवस, खण, चिंधी, उपास. त्यांनी ऐकलं, भिंतीकडं बघितलं आणि एवढंच म्हणाल्या, "देवीचं हाय तर मी काय बोलू? पर माजं नाव गेलं."

त्या रात्री मी जेवले नाही. वार कुठलाही नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो झंपर धुऊन, घडी घालून देवघरातल्या पेटीत ठेवला आणि परत आपल्या कोपराखालच्या बाह्या चढवल्या. वाटलं, महिन्याभरात लोक विसरतील. विसरतात कसले! आधी भामाबाई गेली चांदसाहेबांकडं, "मला वैनीसारका." तिच्यामागं शेजारची फरीदा, तिच्यामागं पोस्टातली बाई, तिच्यामागं सगळी गल्ली. लग्नात मिळालेले, ओटीत आलेले, वर्षानुवर्षं ट्रंकेत पडलेले खण बाहेर निघाले. आखूड खणाला कधी नव्हे ते मोल आलं! चांदसाहेब मला भेटले की दोन्ही हात जोडतात, म्हणतात, "वैनी, आता तर बाया पुरं कापड आनत्यात आनि म्हनत्यात, बाह्या काडून टाका!" देवीकडं ओटीला रांग लागली. त्यातल्या निम्म्या खणासाठी जातात हे मला कळतं, पण म्हटलं, असू दे, त्या निमित्तानं हात तर जोडतात. आणि नवी भावजय चार दिवस माझ्याकडं राहायला आली, ती बिनबाह्यांची, आणि मला म्हणते, "आक्का, तुम्ही अजून बाह्या घालता?" मीच ती, जिच्यावरून सगळं सुरू झालं, आणि आता मीच मागासलेली! मी फॅशन केली नाही हो, आणि सोडलीही नाही, ती आपली माझ्या अंगावरून निघून गेली.

हे सगळं होईतो सासूबाई माझ्याशी कामापुरतं बोलायच्या. आणि परवा दुपारी, घरात कुणी नाही बघून, आतून हाक आली, "आत ये. कडी लाव." म्हटलं, आता निकाल. रामरक्षा म्हणत आत गेले, कडी लावली, खाली मान घालून उभी राहिले.

सासूबाईंनी दंडाला काचणारी चोळी दोन बोटांनी ओढली. म्हणाल्या, "त्या चांदसायबाकडं माजं माप घिऊन जा. दोन चोळ्या शिवाया सांग. बाह्या नगं म्हनावं."

मी म्हटलं, "अहो आत्याबाई, पण लोक..."

"पदराखाली कोन बगतंय? लय काचतंय गं, उन्हाळा का हाय." मग मला खालपासून वरपर्यंत बघितलं, तेच जुनं बघणं, कोपरापाशी येऊन थांबलं. "आनि तू कवर त्या लांबड्या बाह्या घालून हिंडनार हाईस? समदी गल्ली सुदारली. चार मान्सांत बरं दिसतंय का? माज्या नावाचा तरी इचार कर."

आता काय बोलता! थोरल्यांचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, हाही माझा एक नेमच आहे. गेले चांदसाहेबांकडं, दोघींची मापं देऊन आले.