सात वेळा ‘कट’

यवतमाळच्या एसटीत माझ्या मागच्या सीटवर दोघी बसल्या होत्या. पांढरकवड्यात चहाची टपरी चालवणारी आई आणि वस्तीतल्या पोरींच्या वर्गात सिनेमा शिकणारी तिची लेक, नयन.

“आई, आज माही फिल्लम पडद्यावर दाखवून राह्यले, अन् तू रुसून काहून बसली?”

“तूच म्हने, माह्यानं बिघडली.”

“मंग! मी ‘कट’ म्हनलं का तू चहा ओते.”

“टपरीवर कोनी कट म्हनलं का मी अर्धा चहा देतो. पंधरा वर्सांची सवय हाय ते.”

“सात कट झाले. क्यामेरा धरनाऱ्या गझालानं सातही चहा पेले.”

“झोप आली नसन तिले रातभर.”

“वर्गातल्या मॅडमनं सगळं पाह्यलं. म्हने, शूटिंग सुरू झालं का आई पुतळ्यावानी बसते, अन् कट म्हनलं का मस्त हासत चहा देते. तेच ठेव.”

“अन् बाकीचं?”

“काढून टाकलं.”

“म्हंजे मी नुसता चहाच देतो?”

“पूरे तीन मिनिटं.”

“अन् नाव काय ठेवलं त्याचं?”

“‘कट’.”

“पाह्य बरं! पडद्यावर नाव आलं का लोकं मागतीनच. बरं झालं, थर्मास भरून आनला.”